पेटीवाली, साउंडवाली आणि ‘व सहकारी’ : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स. न. वि. वि.

भारतीय संगीताच्या क्षेत्रात बायकांनी जे काम केलं आणि आजही करताहेत, त्यासाठी राज्यानं एक राष्ट्रीय पुरस्कार सुरू करावा आणि तो दरवर्षी कोल्हापुरात द्यावा, ही विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. विनंतीला एक अट जोडली आहे. ती ऐकून बरीच मंडळी नाराज होतील, पण ती वगळली तर पत्राला अर्थ उरत नाही. हा पुरस्कार गायिकेला देऊ नका.

मी पेटी वाजवते. कोल्हापुरात, इचलकरंजीत, सांगली-मिरजेकडं, बोलावतील तिथं साथीला बसते आणि उरलेल्या वेळात शिकवण्या घेते. गायिकांच्या जिवावर माझी चूल पेटते, त्यामुळं त्यांच्याशी माझं वाकडं असायचं कारण नाही. त्यांना पुरस्कार सुखासुखी मिळाले असंही नाही. लता मंगेशकरांनी १९५७ साली फिल्मफेअरच्या सोहळ्यात गायला नकार दिला, कारण तेव्हा गाणाऱ्याला तिथं बक्षीसच नव्हतं. १९५९ मध्ये ते सुरू झालं आणि पहिलं त्यांनाच मिळालं. तेही गायक-गायिका मिळून एकच. बायकांचं वेगळं झालं ते १९६८ पासून. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतही गायिकेचा पुरस्कार १९६८ च्या चित्रपटांपासूनचा, पहिला पी. सुशीला यांचा. म्हणजे गळ्यासाठीसुद्धा वाट बघावी लागली, भांडावं लागलं. पण ते भांडण जिंकून झालं आहे. आज गाणाऱ्या बाईला पुरस्कार द्यायला सरकार आहे, वाहिन्या आहेत, बँका आहेत, पतसंस्था आहेत, गल्लीतलं तरुण मंडळही आहे. राहिलंय ते बाकीचं सगळं : चाल लावणं, वाद्य वाजवणं, वाद्यमेळ बांधणं, ध्वनिमुद्रण, मिक्सिंग, शिकवणं.

फिल्मफेअरचंच उदाहरण पुढं नेते, कारण त्याच्या तारखा सगळ्यांच्या समोर आहेत. संगीतकाराचा पुरस्कार १९५४ पासून दिला जातो. तो बाईच्या हातात पहिल्यांदा पडला २०२२ मध्ये, जसलीन रॉयल यांच्या, आणि तोही एकाच चित्रपटाच्या इतर संगीतकारांबरोबर वाटून. अडुसष्ट वर्षं! मधल्या काळात उषा खन्ना होत्या. १९५९ मध्ये, वयाची विशीही गाठली नव्हती तेव्हा त्यांनी पहिला चित्रपट केला आणि पुढं कित्येक दशकं चाली दिल्या. त्यांना ‘सौतन’साठी नामांकन मिळालं, पुरस्कार नाही. त्यानंतर स्नेहा खानवलकर यांचं नाव यादीत यायला जवळपास तीस वर्षं गेली. या काळात देशात चाल लावू शकणाऱ्या बायका जन्मालाच आल्या नाहीत, असं कुणी म्हणणार असेल तर त्यांनी आमच्याकडच्या कुठल्याही भजनी मंडळात एक संध्याकाळ बसावं. नवा अभंग आला की तासाभरात त्याला तीन चाली लागतात, आणि त्यातली कुठली ठेवायची यावरून भांडणंही होतात.

आता कोल्हापूरच का, ते सांगते. त्याचं उत्तर खुद्द लताबाईंच्या आयुष्यातच आहे. वडील गेल्यावर मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये नोकरी करत हे कुटुंब इथं राहिलं आणि १९४५ मध्ये मुंबईला गेलं, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. त्यापेक्षा मोलाची गोष्ट पुढची. १९६० च्या दशकात इथल्याच, कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना लताबाईंनी संगीत दिलं : ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’. पडद्यावर संगीतकार म्हणून नाव आलं ते ‘आनंदघन’. ‘साधी माणसं’ला राज्याचा उत्कृष्ट संगीताचा पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन या नावाचा पुकारा झाला आणि कुणीच उठेना, शेवटी सूत्रसंचालकानं सांगितलं की हे आनंदघन म्हणजे समोर बसलेल्या लताबाईच, अशी हकिकत सांगतात. लोक ती कौतुकानं सांगतात, मोठ्या माणसाचा मोठेपणा म्हणून. मला ती ऐकताना दरवेळी वेगळंच वाटतं. देशातली सगळ्यात नावाजलेली बाई चाल लावताना पुरुषी नावाआड जाते, आपल्याच राज्य सरकारचा पुरस्कार त्या नावाला जाहीर होतो, आणि सभागृह पुरुष शोधत मान वळवतं. संकोच असेल, गंमत असेल, भालजींच्या चित्रपटाची काळजी असेल. कारण काहीही असो, चित्र ते दिसतंच.

आणि त्या एकट्या नव्हत्या. त्यांच्या तीस वर्षं आधी, १९३५ मध्ये बॉम्बे टॉकीजनं खुर्शीद मिनोचर-होमजी यांना संगीतकार म्हणून आणलं. पारशी समाजातून विरोध झाला, तेव्हा त्या ‘सरस्वती देवी’ झाल्या आणि त्याच नावानं त्यांनी पुढची सगळी कारकीर्द काढली. नाव बदललेल्या बाईचं एक बरं असतं, तिला इतिहासात निदान टोपणनाव तरी मिळतं. बाकीच्यांचं काय? १९४९ मध्ये ‘महल’मधल्या त्या प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ असं छापलं होतं. कामिनी म्हणजे चित्रपटातलं पात्र. ही कोण गाते म्हणून लोकांनी रेडिओला पत्रं लिहिली, तेव्हा कुठं लताबाईंचं नाव बाहेर आलं. गायिकेसाठी लोक पत्रं लिहितात हो. त्याच गाण्यात व्हायोलिन कुणी वाजवलं, म्हणून कुणी पत्र लिहिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

यात सगळ्यात हुशार निघाली ती गौहर जान. १९०२ मध्ये भारतात ध्वनिमुद्रण सुरू झालं, तेव्हा भोंग्यासमोर सुरुवातीला उभ्या राहिलेल्यांत बायकाच जास्त होत्या. बडे उस्ताद बिचकत होते. गौहर जान गाणं संपलं की इंग्रजीत आपलं नाव ठणकावून सांगायच्या. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या. तिथल्या माणसाला लेबलावर कुणाचं नाव घालायचं ते कळावं, म्हणून ही सोय. माझ्या शिकवणीतल्या मुलींना मी ती तबकडी ऐकवते. रागदारी नंतर शिका, आधी हे शिका म्हणते.

कारण आमच्या वाट्याला काय येतं, तेही ऐका. मागं एका ८ मार्चच्या कार्यक्रमाला मी साथीला होते. विषय ‘स्त्री आणि संगीत’. चौकाचौकात डिजिटल फलक लागले. मधोमध गायिकेचा फोटो, खाली तबलजीचं नाव, पुढं ‘व सहकारी’. वर सहा पुढाऱ्यांचे फोटो, त्यातले चार हात जोडलेले. ते ‘व सहकारी’ म्हणजे मी आणि तानपुऱ्यावर बसलेली माझी विद्यार्थिनी. अख्ख्या मंचावर गायिका सोडून बायका दोनच, आणि स्त्रियांच्या कार्यक्रमाच्या फलकावर त्या दोघींचीच नावं नाहीत. आयोजकांना विचारलं तर म्हणाले, “मॅडम, जागा नव्हती ओ.” माणसं वाईट नव्हती, जेवणही उत्तम घातलं. त्यांच्या मनात खरंच आलं नाही एवढंच. पुरस्कार असतो तो याच्यासाठी, लोकांच्या मनात यायला लागावं म्हणून.

दुसरी एक मुलगी सांगते. माझ्याकडं चार-पाच वर्षं पेटी शिकली, मग वडिलांच्या साउंडच्या धंद्यात शिरली. नवरात्रात एका भक्तिगीतांच्या कार्यक्रमाला मिक्सरवर ती होती. गाणं रंगात आलं आणि गायिकेसमोरच्या मॉनिटर-स्पीकरला शिट्टी सुटली. पहिल्या रांगेतले एक काका उठून तिच्यापर्यंत आले आणि म्हणाले, “ओ ताई, जरा ऑपरेटरला बोलवा की, कुठं गेलाय बघा.” ती म्हणाली, “मीच हाय काका. बसा तुम्ही.” बोलता बोलता तिनं तीन किलोहर्ट्झच्या आसपासचा पट्टा दोन बोटांनी खाली ओढला, मॉनिटरचा फेडर जरा उतरवला, शिट्टी गेली. मध्यंतरात मंचावर येऊन तिनं माझ्या पेटीचा माइक भात्याकडून उचलून पट्ट्यांच्या बाजूला, जरा वरून लावला. आजवर प्रत्येक ऑपरेटरनं मला सांगितलंय, “बाई, बांगड्या काढा, आवाज येतोय.” माइक हलवायचा असतो हे कुणाला सुचलं नव्हतं. हिला सुचलं, कारण हिच्याही हातात बांगड्या आहेत. अशा मुलीला कुठला पुरस्कार मिळेल, सांगा बरं. ‘उत्कृष्ट महिला उद्योजिका’ फार तर. त्यात ती पापड-लोणचीवाल्यांच्या रांगेत बसेल. पापड-लोणच्यांना माझा विरोध नाही, पण ते खातं वेगळं.

तालेवार नावंही यातून सुटलेली नाहीत. जरीन दारूवालांचा सरोद हिंदी चित्रपटांतल्या कितीतरी गाण्यांत वाजलाय. आपण ती गाणी गुणगुणतो, सरोद कुणाचा ते विचारत नाही. आबान मिस्त्रींनी बायकांना तबल्याजवळ फिरकू देत नसत अशा काळात एकल तबलावादन केलं. एन. राजम यांच्या व्हायोलिनला मान मिळाला, पण एक राजम आणि सुरबहारवाल्या एक अन्नपूर्णादेवी दाखवून हिशोब पुरा झाला म्हणायचं का? पैशाचंही तसंच. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं सादरकर्त्यांना मानधनापलीकडं रॉयल्टीचा हक्क दिला आणि पुढच्याच वर्षी गायकांची संघटना उभी राहिली. कायद्याच्या व्याख्येत वादकही सादरकर्ताच आहे. प्रत्यक्षात वादकाच्या हातात पाकीट पडतं, व्हाउचरवर सही होते आणि विषय संपतो.

शिकवण्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण तिथं कोल्हापूरचा हक्क सगळ्यात पक्का आहे. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांना राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात दरबारी आश्रय दिला, महाराज १९२२ मध्ये गेल्यावर खाँसाहेब मुंबईला गेले. हे घराणं जगभर नेलं ते कुणी? केसरबाई केरकरांनी आणि मोगूबाई कुर्डीकरांनी, पुढं किशोरी आमोणकरांनी. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली, याहून लांब काय जायचं? पण गायकीचा धागा तुटू न देणाऱ्या बायका कोण होत्या? लक्ष्मीबाई जाधव घ्या. खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदरखाँ यांच्या शिष्या, बडोदे दरबारच्या गायिका. त्यांनी शिकवलेल्यांत एक कोल्हापूरची मुलगी होती, १९२७ ची, धोंडूताई कुलकर्णी. धोंडूताईंनी नत्थनखाँ, मग खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जीखाँ, लक्ष्मीबाई आणि शेवटी केसरबाई असं एकेक दार ठोठावत विद्या गोळा केली. केसरबाई कुणाला सहजी शिकवत नसत, त्यांनी यांना शिकवलं. आणि मग धोंडूताईंनी ते मुंबईतल्या छोट्या घरात बसून पुढच्या पिढीला दिलं. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना गाण्यासाठी मिळाला, रास्तच. पण ज्या कामात त्यांचा सगळा जन्म गेला, त्या कामाला पुरस्कार कुठला? शिकवणारीला आपण ‘गुरुमाता’ म्हणतो आणि पाया पडून निघून येतो. फी विचारताना मात्र आवाज बदलतो.

मोगूबाईंबद्दल किशोरीताई सांगत, की आईच्या मागं तानपुऱ्याला बसून देशभर फिरताना आयोजक आईला कसं वागवतात, ते त्यांनी जवळून पाहिलं. पुढं किशोरीताई आयोजकांना ज्या कडक अटी घालायच्या, त्याची मुळं तिथं आहेत. लोक त्याला तऱ्हेवाईकपणा म्हणाले. मला तर तो मागच्या रांगेतून केलेला अभ्यास वाटतो.

वेळेचंही बोलायला हवं. यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, तेव्हा त्यांनी नव्वदी कधीच ओलांडली होती. सुलोचना चव्हाणांना २०२२ मध्ये मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. सुमन कल्याणपूर यांचं पद्मभूषण २०२३ चं, त्यांची गाणी ऐकत मोठी झालेली माणसं आजोबा झाल्यानंतरचं. हे गायिकांचं. मागं बसणाऱ्यांचा नंबर मग कधी लागायचा? राजर्षी शाहूंच्या नावानं ज्येष्ठ कलावंतांना मानधन मिळतं, ती चांगली योजना आहे, पण ते उतारवयातलं औषधपाणी झालं. मी म्हणते तो पुरस्कार चाळिशीच्या आतबाहेरच्या बाईला द्या, हातात ताकद आहे, पुढं काम करायचंय तेव्हा.

‘कलेत बाई-पुरुष कशाला?’ हा प्रश्न येणारच. गायनात तो भेद आपण १९६८ पासून बिनतक्रार चालवतो, कारण गळे वेगळे असतात. मिक्सरला, तबल्याला, पेटीला गळा नसतो हे कबूल. तिथं वेगळा पुरस्कार मागायचं कारण निराळं आहे : तिथपर्यंत मुली पोचतच नाहीत, आणि पोचलेल्या दिसत नाहीत. पंधरा-वीस वर्षांत त्या दिसायला लागल्या तर हा पुरस्कार खुशाल बंद करा, सगळ्यांना एकाच यादीत बसवा. पहिल्याच शासन निर्णयात तसा फेरविचार लिहून टाकलात तर मला आवडेल. कायम चालणारे पुरस्कार आपल्याकडं कमी आहेत, असं नाही.

हे काही नवलाचं मागणं नाही. ऑस्ट्रेलियात २०१८ पासून संगीतातल्या स्त्रियांसाठी राष्ट्रीय पुरस्कार दिले जातात, ब्रिस्बेनला. त्यांच्या यादीत गीतकार आहे, तशी स्टुडिओत निर्मिती करणारी आहे, दौऱ्यावरच्या कार्यक्रमांची तांत्रिक बाजू सांभाळणारी आहे, संगीतावर लिहिणारी पत्रकारही आहे. यादी त्यांची आहे, आपण आपली करू. आपल्या यादीत संगीतकार, वादक, साथीदार, ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंयोजन करणारी, वाद्यं बनवणारी किंवा दुरुस्त करणारी आणि शिकवणारी एवढ्या असल्या म्हणजे झालं. देशभरातून नावं मागवा. भाषेची अट नको, शास्त्रीय-सुगम-लोकसंगीत ही भांडणंही नकोत.

एक मात्र जपा, अर्ज. नेहमीच्या अर्जात वृत्तपत्रांची कात्रणं मागतात. साथीदाराचं नाव छापलंच जात नाही, तर कात्रण आणायचं कुठून? त्याऐवजी ध्वनिमुद्रणं चालवा, मानधनाची व्हाउचरं चालवा, ज्यांच्याबरोबर काम केलं त्या कलाकाराचं किंवा स्टुडिओचं पत्र चालवा. इतरांनाही नाव सुचवू द्या. आपणहून अर्ज करायला आमच्या बायका लाजतात, आणि ज्या लाजत नाहीत त्यांना आधीच बरेच पुरस्कार मिळालेले असतात. निवड समितीत एक तरी ध्वनिमुद्रक आणि एक तरी वादक असू दे. शाल-श्रीफळ द्यायचं तर द्या, नारळ कामाला येतो, पण सोबत एक नवं काम द्या : संगीतकार असेल तर राज्यानं तिच्याकडून एक रचना करून घ्यावी, वादक असेल तर एकल ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलावा, शिकवणारी असेल तर तिच्या दोन शिष्यांना वर्षभराची शिष्यवृत्ती द्यावी.

नावासाठी ओढाताण होईल हेही ठाऊक आहे. कुणाच्या मातोश्रींचं नाव येईल, कुणी ताराराणींचं आणेल. ताराराणींचं नाव घेतलं की कोल्हापुरात कुणाचं तोंड उघडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. माझं म्हणणं विचाराल तर ‘आनंदघन’ हे नाव पडून आहे. त्यावर कुठल्याच पक्षाचा दावा नाही.

जागा म्हणाल तर केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा सगळं गाव रस्त्यावर येऊन उभं होतं. ते पुन्हा पूर्वीसारखं नांदायला लागलं की पहिल्या मोठ्या कार्यक्रमांत हा एक असू दे. आणि १८८३ पासून चाललेली देवल क्लब ही संगीतसंस्था हाकेच्या अंतरावर आहे, आदल्या दिवशी मानकरी बायकांनी तिथं मुलींचे वर्ग घ्यावेत. नुसता सोहळा करून पाहुण्यांना तांबडा-पांढरा खायला घालून परत पाठवू नका.

येत्या अर्थसंकल्पात याला पैसे धरायचे तर आतापासून हालचाल हवी, म्हणून हे पत्र आत्ता. माहिती गोळा करायला, नावं काढायला, गावोगावच्या साथीदारणींना फोन लावायला मी तयार आहे, बिनपगारी. फक्त निवड समितीवर मला घेऊ नका. मिक्सरवाल्या मुलीचं नाव मीच सुचवणार आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक पेटीवादक
मंगळवार पेठ, कोल्हापूर